गंडा बांधून कल बदलत नाही

महोदय,

गेल्या आठवड्यात प्रतापनगरला ओळखीच्या घरी गेले होते. 'मला मुलगेच आवडतात' असं मुलाने सांगितल्यापासून आईने त्याच्या दंडाला काळा गंडा बांधलाय. "होस्टेलच्या संगतीने बिघडला," वडील म्हणाले. पोरगा मान खाली घालून नखाने त्या गंड्याचा दोरा उसवत होता. मला गलबलून आलं.

मी जीवशास्त्र शिकवलं आहे. संगतीने लैंगिक कल ठरतो याला पुरावा नाही. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कल ठरवणारं एकच जनुक सापडलं नाही, अनेकांचा थोडाथोडा वाटा दिसला. शिवाय इतर कारणंही असतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली.

'हे निसर्गाविरुद्ध' म्हणणाऱ्यांना निसर्ग शिकवणार कोण? एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच वगळली गेली, हे मला फार लागतं. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत घडली, ती पिढ्यान्पिढ्यांच्या वेगळेपणातूनच. ते धडे परत आणा.

त्या माउलीकडे मी पुन्हा जाणार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर