रबराचा हात आणि माणसाचा हात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

हे पत्र कोणाला लिहावं इथूनच माझी अडचण सुरू झाली. रक्त काढायच्या कोर्सचं प्रमाणपत्र कौशल्य विकासाच्या वाटेने मिळतं, लॅब टेक्निशियनसारख्यांची नोंदणी करणारी पॅरावैद्यक परिषद वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, आणि सुई ज्याच्या हातात जाते तो पेशंट तुमच्याकडे. हात तुमच्याकडे म्हणून पत्रही तुम्हाला.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका, झालेली, एकवीस वर्षं जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक मुलगी लागली. बारावी सायन्स, तीन महिन्यांचा फ्लेबोटॉमीचा, म्हणजे रक्त काढायचा, कोर्स, लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट. फी आईने बचत गटाचं कर्ज काढून भरलेली. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम आलं ९.८. एवढं पोटॅशियम असलेला माणूस जिना चढून लॅबमध्ये येत नाही. आजोबा तर खाली चहा पीत बसले होते. कॅल्शियम बघितलं, तेही तळाला गेलेलं. मग कळलं. पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून तिने जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं होतं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे ईडीटीए असतं ते पोटॅशियमचा क्षार, आणि कॅल्शियमला धरून ठेवणारं. आजोबांचं रक्त ठीक होतं, ट्यूब चुकली होती. माझी नजर गेली नसती तर तो रिपोर्ट घेऊन ते थेट अॅडमिट झाले असते.

मी तिला रागावले नाही. एवढंच विचारलं, कोर्समध्ये किती जणांचं रक्त काढलंस? म्हणाली, "मॅडम, रबराच्या हातावर खूपदा. माणसाचं दोनदा, तेही मैत्रिणीचंच."

साहेब, रबराच्या हातावरची शीर पळत नाही. केमो झालेल्या बाईची पळते. आणि आमच्या धंद्यातली उलटी रीत अशी की सगळ्यात नवख्यालाच गाडीवर बसवून होम कलेक्शनला धाडतात. म्हणजे शीर न सापडणारी अंथरुणावरची माणसं त्याच्या वाट्याला, आणि 'दंडाचा पट्टा सोड, मिनिट होऊन गेलं' असं सांगायला शेजारी कोणी नाही.

कायदा नाही असं नाही. राज्याचा पॅरावैद्यक परिषद कायदा २०११ चा, केंद्राचा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा २०२१ चा. पण केंद्राच्या कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणजे किमान २००० तासांची, दोन ते चार वर्षांत पुरी होणारी पदविका किंवा पदवी असलेला. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट त्या दाराच्या उंबऱ्यावरच अडतं. त्याच २०२१ च्या जूनमध्ये करोनासाठी एक लाख लोकांना झटपट प्रशिक्षण द्यायची केंद्राची योजना आली, तिच्या सहा कामांत सॅम्पल गोळा करणंही होतं. गरज पडली तेव्हा ही माणसं 'योद्धे' होती. परिषदेच्या नोंदणीत मात्र त्यांना जागा नाही.

कोर्स दोन वर्षांचा करा असं मी म्हणत नाही. तसं केलंत तर बचत गटाच्या कर्जावर शिकणारी मुलगी या कामाला येणारच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचं प्रशिक्षण आपल्या तीन महिन्यांपेक्षाही आखूड : ४० तास वर्ग, ४० तास प्रत्यक्ष काम. पण शिरेतून किमान ५० वेळा आणि बोटातून १० वेळा रक्त काढल्याची नोंद नसेल तर तिथे प्रमाणपत्र मिळत नाही. आपण महिने मोजतो, ते टोचणं मोजतात. आणि जागा आपल्याकडे नाही असंही नाही. कुठल्याही सिव्हिलमध्ये सकाळी नऊ वाजता रक्ताच्या खिडकीसमोरची रांग बघा. तिथे अनुभवी टेक्निशियनच्या नजरेखाली, पेशंटला विचारून, महिनाभर उभं करा. प्रत्येक टोचण्यापुढे सही घ्या, बाद झालेल्या सॅम्पलचीही नोंद ठेवा. शिकवणाऱ्या टेक्निशियनला त्याचे पैसे द्या, नाहीतर सह्या घरबसल्या होतील, हेही सांगून ठेवते.

ती नोंदवही तपासून परिषदेने नाव चढवावं, वेगळ्या यादीत का होईना. आणि पुढे तिला डीएमएलटी करायचं असेल तर हे तास त्यात धरावेत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात ती सोय कागदावर आहेच.

एक गोष्ट मात्र उद्यापासूनही करता येईल. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या पेशंटची सुई टोचली तर शंभरात सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. लसीचे डोस तीन : पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. कोर्स तीन महिन्यांत संपतो. म्हणजे पोरं दोन डोसांवर, किंवा एकही न घेता, सुई हातात धरतात. प्रवेशाच्या दिवशीच पहिला डोस द्या, सरकारी दवाखान्यात, फुकट.

आमच्या मुलीचा तिसरा डोस येत्या मंगळवारी आहे. त्या दिवशी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली आहे.

आपली,
एक लॅब टेक्निशियन