बेटा, डिअर आणि ते हसरं तोंड

अमेय,

तू पाठवलेले स्क्रीनशॉट परवा नाईटला होते तेव्हा नुसते चाळले, वॉर्ड भरलेला होता, उत्तर द्यायला सवडच नव्हती. आज ऑफ आहे म्हणून सगळे एका मागोमाग एक नीट वाचले. फोन केला असता पण फोनवर तू मधेच "आई ऐक ना, ऐक ना" करतोस आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, घरी गेल्यावर वाच.

तुझं म्हणणं मला कळलं. तू टीममधल्या पोरांशी प्रेमाने बोलतोस, बेटा म्हणतोस, डिअर म्हणतोस, प्रत्येक मेसेजला हसरं तोंड लावतोस कारण तुझा आधीचा बॉस खेकसायचा आणि तुला तसं व्हायचं नव्हतं. आणि आता एक मुलगी तुला पर्सनलवर लिहिते की सर प्लीज बेटा म्हणू नका, लहान केल्यासारखं वाटतं, तर तुला ते लागलं. लागणारच. पण तिचं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शुक्रवारचं घे. तिने ग्रुपवर काय लिहिलं होतं, की टेस्टिंगला दोन दिवस कमी पडतायत, असंच पुढे ढकललं तर क्लायंटकडे गेल्यावर पेमेंटच्या पानावर प्रॉब्लेम येऊ शकतो. मला तुमच्यातलं काही कळत नाही पण हा प्रश्न आहे एवढं मलाही कळतं. त्यावर तुझं उत्तर, "टेन्शन नॉट बेटा", पुढे हसरं तोंड आणि मिठी मारणारं तोंड. तिने तासाभराने परत विचारलं, तारीख बदलणार आहोत का. तू लिहिलंस "चिल डिअर, होऊन जाईल", पुढे डोळा मारणारं तोंड. आता तूच सांग, दोन्ही मेसेजमध्ये तारखेबद्दल एक अक्षर तरी आहे का? तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तराच्या जागी तिला लाड मिळाले. मोठ्या माणसाने कामाचं विचारावं आणि समोरच्याने त्याच्या गालाला हात लावून पुढे जावं, तसं झालं ते. तिला बेटा शब्दाचा राग आलाय असं तू समजतोयस, मला तर वाटतं खरा राग उत्तर न मिळाल्याचा आहे, बेटा त्याच्यावरचं मीठ.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षातच आली नसेल. तू मला म्हणालास की मी मुलांशी पण असाच बोलतो, मुलगी म्हणून वेगळं नाही. मग मी परत वर जाऊन बघितलं. तिच्याच बरोबर लागलेला तो जो मुलगा आहे, त्यानेही त्याच आठवड्यात काहीतरी अडचण सांगितलीय, त्याला तू लिहिलंस "भाई बघतो, संध्याकाळपर्यंत सांगतो". भाई! एक भाई झाला, एक बेटा झाली, दोघांचा अनुभव सारखा, पगारही साधारण सारखाच असेल, पण भाई तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा आहे आणि बेटा खाली, गुडघ्याएवढी. आणि भाईला संध्याकाळचा वायदाही मिळाला. हे तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहितीये रे, तुला मी ओळखते. पण तिच्या स्क्रीनवर हे दोन्ही मेसेज एकाखाली एक दिसतात.

माझ्या वॉर्डात हे मी रोज बघते म्हणून मला एवढं लिहावंसं वाटतंय. खुब्याचं हाड मोडलेल्या एक पेशंट होत्या, सत्तरीच्या पुढच्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या. नवीन पोरी त्यांना स्वीटी आजी म्हणायच्या, "आपण आता मम्मं करूया हां", "गुड गर्ल", असं सगळं. पोरी चांगल्या होत्या, मनापासून करायच्या, धावून धावून करायच्या. पण त्या बाईंनी दोनदा विचारलं की माझी बीपीची गोळी का बदलली, आधीची पांढरी होती ही गुलाबी आहे, तर दोन्ही वेळा उत्तर काय, "आजी टेन्शन नाही घ्यायचं हां". तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळीच घेतली नाही, तोंड फिरवून भिंतीकडे बघत पडून राहिल्या. फाईलवर पेशंट अनकोऑपरेटिव्ह असा शेरा पडायची वेळ आली. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, अगदी शांतपणे, "मी कोणाची आजी नाही, मला नातवंडं नाहीत. मला बाई म्हणा, आणि गोळी का बदलली ते सांगा." त्या दिवसापासून सगळा वॉर्ड त्यांना बाई म्हणायला लागला, अगदी वॉर्डबॉय मामासुद्धा, आणि गंमत बघ, बाई म्हटल्यावर पोरींना आपोआप नीट उत्तर द्यावंसं वाटायला लागलं. बाई, सोडियम कमी आलंय म्हणून बदललीय. झालं. गोळी घेतली.

आमच्या ट्रेनिंगला एक मॅडम आल्या होत्या त्यांनी सांगितलं की याच्यावर बाहेर अभ्यास झालेत, याला एल्डरस्पीक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाशी लहान मुलासारखं बोलणं, लाडाची नावं, गाण्यासारखा सूर, "तुम्ही" च्या जागी सारखं "आपण". अमेरिकेत क्रिस्टीन विल्यम्स म्हणून नर्सिंगमधल्या संशोधक आहेत, त्यांच्या टीमने डिमेन्शियाच्या पेशंटची देखभाल करतानाचे व्हिडिओ तपासले, २००९ साली ते छापून आलं, तर असं लाडाचं बोललं की पेशंट जास्त विरोध करायचे, ढकलायचे, ओरडायचे, आणि साधं मोठ्या माणसाशी बोलतात तसं बोललं की कमी. डिमेन्शियाचे पेशंट रे! ज्यांना आजचा वार आठवत नाही त्यांनाही आपल्याला लहान केलं जातंय हे कळतं. मग पंचवीस वर्षांच्या इंजिनिअर पोरीला कळणार नाही का.

तू म्हणशील आपल्याकडे तर सगळे सगळ्यांना नात्यानेच हाक मारतात, मुंबईत रिक्षावाल्याला दादा, भाजीवालीला मावशी, बँकेतल्या अनोळखी माणसाला काका. खरंय, आणि मला ते आवडतं, या शहरात एवढ्या गर्दीत माणसं एकमेकांना सांभाळतात ती याच शब्दांवर. पण नीट बघ, दादा, ताई, मावशी, काका, हे सगळे शब्द समोरच्याला वर बसवतात. स्टेशनबाहेरच्या आपल्या कोथिंबीरवाल्या मावशी माझ्यापेक्षा लहान असतील, मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला ताई म्हणतात, दोघी खुश. बाळा, बेटा, पिल्लू, स्वीटी यांचं तसं नाही. ते वरून खाली येतात आणि खालून वर जाऊ शकत नाहीत. घरात चालतं कारण घरात त्याच्या मागे अंघोळी घातलेल्या असतात, ताप काढलेले असतात. तुझे ते विक्रोळीचे मित्र तुला काय काय म्हणतात आणि तू त्यांना काय म्हणतोस ते मी ऐकलंय, इथे लिहिणार नाही, पण तिथे कोणाला काही वाटत नाही कारण जे येतं ते तसंच परत जातं. आता ती मुलगी तुला "चिल बेटा, होऊन जाईल सर" असं लिहू शकते का? तिचं अप्रेझल तू लिहिणार आहेस. मग तिने गप्प बसावं नाहीतर पर्सनलवर प्लीज लावून सांगावं, एवढेच रस्ते तिला आहेत, आणि तिने दुसरा घेतला, त्याला धाडस लागतं. नववीत असताना तूच मला बसस्टॉपवर म्हणाला होतास ना, आई मित्रांसमोर छकुल्या नको. तेव्हा तुझं माझ्यावरचं प्रेम कमी झालं नव्हतं.

स्मायलीचं थोडं वेगळं आहे. मला स्मायली आवडतात, तुला माहितीये, ड्युटी बदलून मिळाली की मी दहा फुलं टाकते. आणि ते निघालंच मुळी चांगल्या कारणासाठी. १९ सप्टेंबर १९८२ ला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोद असेल तिथे विसर्गासारखे दोन टिंब, आडवी रेघ आणि कंस टाका, आडवं हसरं तोंड दिसतं, कारण तिथे लोक कॉम्प्युटरवर गमतीत लिहिलेलं खरं समजून वाद घालत बसायचे. पुढे १९९९ ला जपानमध्ये डोकोमो या मोबाईल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी ती १७६ बारीक चित्रं काढली, बारा बाय बारा ठिपक्यांची, त्यात ऊन, ढग, छत्री, हार्ट असं सगळं होतं, कारण त्या फोनवर मेसेज २५० अक्षरांत बसवावा लागायचा आणि तेवढ्यात सूर कळायचा नाही. म्हणजे बोललेल्याचा सूर कळावा म्हणून ते आलं. तुझ्या मेसेजात बोललेलंच काही नाही, नुसता सूर आहे. "तारीख बुधवारवर नेतोय, मंगळवारपर्यंत तू टेस्टिंग संपव" आणि मग हसरं तोंड, कोण कशाला नाव ठेवेल? नकार देताना, विषय मिटवताना, कोणीतरी चिडलेलं असताना ते तोंड लावलं की मात्र ते दार लावल्यासारखं वाटतं, आता यावर बोलायचं नाही असं. डोळा मारणारं तर ऑफिसात नकोच, कोणालाच नको, त्याचे हजार अर्थ निघतात.

२०१७ ला एक अभ्यास आला होता, ताईने मला पाठवला होता, की अनोळखी माणसाला कामाच्या ईमेलमध्ये स्मायली टाकली तर लिहिणारा प्रेमळ काही वाटत नाही, उलट कामात कच्चा वाटतो. समोरासमोर हसलं की माणूस प्रेमळ वाटतो, ते स्क्रीनवर तसंच्या तसं उतरत नाही. तुमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना ओळखतात त्यामुळे एवढं कडक असेलच असं नाही, पण तुझ्या मनातलं हसू तिच्यापर्यंत पोचतंच असं धरून चालू नकोस.

आता बाबांचं. हे लिहायचं नव्हतं पण विषय निघालाच आहे. गेल्या आठवड्यात बाबांनी घरच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता तो मोठा मेसेज टाकला, रिडेव्हलपमेंटच्या अ‍ॅग्रीमेंटबद्दल. बिल्डरच्या पहिल्या ऑफरमध्ये नुसतं कार्पेट, म्हणजे भिंती सोडून आतली वापरायची जागा, असं लिहिलं होतं आणि आता मसुद्यात रेरा कार्पेट, म्हणजे घरबांधणीच्या रेरा कायद्याप्रमाणे मोजलेली जागा, असं लिहिलंय, आणि रेरा कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंतींची जागाही धरतात, म्हणजे आकडा तोच राहिला तरी पाय ठेवायची जागा कमी होणार. हे त्यांनी एकट्याने शोधलं. सगळं आयुष्य अकाउंट्समध्ये गेलंय त्यांचं, आकडा कुठे सरकला ते त्यांना वासाने कळतं. सोसायटीतल्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कमिटीच्याही नाही. आणि तू काय लिहिलंस, "ऑ बाबा सो क्यूट, वकील झाले!", पुढे तीन हार्ट. ताईने हसून लोळणारी तोंडं टाकली. भिंतींबद्दल कोणीच काही नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "मी लिहिलेलं पोरांनी वाचलं का गं?" ते तुला कधी सांगणार नाहीत की मला क्यूट म्हणू नकोस. त्या मुलीएवढं धाडस त्यांच्यात नाही, बापाला मुलांसमोर ते जमत नाही. त्यामुळे मी सांगतेय.

तुझ्यात प्रेम आहे, भरपूर आहे, लहानपणापासून आहे, ते आटव असं मी म्हणत नाहीये. खेकसणाऱ्या बॉससारखं व्हायचं नाही हे तर फारच चांगलं ठरवलंस. पण खेकसण्याच्या उलट लाड नाही रे, नीट उत्तर आहे. त्या बॉसनेही तुझ्या प्रश्नांची उत्तरं दिली नव्हती, तो ओरडून टाळायचा एवढंच.

उद्या तिला लिही. मोठं सॉरी, मी असा नाहीये, माझा हेतू असा नव्हता, तुला वाईट वाटलं असेल तर, असलं काही नको, मग तिलाच तुझी समजूत काढत बसावी लागेल. तिचं नाव लिही, बरं झालं सांगितलंस म्हण, आणि तारखेचं काय ठरवतोयस ते लिही. ग्रुपवर सगळ्यांसमोर लिही, कारण प्रश्न तिने सगळ्यांसमोर विचारला होता. नाही जमणार असेल तारीख बदलायला तर का नाही ते लिही. खाली स्मायली टाकायची असेल तर टाक.

आणि बाबांना आज रात्रीच विचार की आपल्या आताच्या घराचा कार्पेट किती धरलाय आणि आतल्या भिंती किती इंचाच्या धरल्यात, त्यांनी कागदावर सगळं मांडून ठेवलंय, फोटो मागून घे आणि तुला समजलं नाही ते परत विचार. रविवारी सकाळी दहाला सोसायटीची मीटिंग आहे, त्यांना तिथे उभं राहून हे बोलायचंय आणि समोर बिल्डरचा माणूस असणार आहे, "काका तुम्ही काळजी करू नका हो" असं म्हणणारा. तेव्हा शेजारी तू असलास तर बरं. येताना मेजरटेप घेऊन ये, आपल्या घरातली तुटलीय.

आई