द्राक्षाचा क्रेट आणि सायकलचे चाक, दोघांना एकच रस्ता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरू लागला की गंगापूर धरणाभोवतीच्या द्राक्षबागांतून, गिरणाऱ्याहून वाघेरा घाटाकडे आणि पुढे हरसूलच्या जंगलपट्ट्यात जाडसर टायरच्या सायकली दिसू लागतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली ती डांबरावर. त्यांच्याच नाशिकमधले अनेक सायकलस्वार आता डांबर सोडून मुरमाच्या, खडीच्या आणि बैलगाडीच्या वाटांकडे वळले आहेत. याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. हा छंद आम्हाला मनापासून प्रिय आहे आणि तो इथे रुजावा असे वाटते. मात्र हे रस्ते आधी शेतकऱ्याच्या कामाचे आहेत. ते कसे वापरायचे आणि कसे बांधायचे, याबद्दल लिहिणे गरजेचे वाटते.

प्रथम जमिनीविषयी. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो ३,००० मिलिमीटरच्या वर जातो. म्हणून एका दिवसाच्या फेरीत काळी माती, मुरमाड माळ आणि घाटमाथ्याची तांबडी माती अशा तिन्ही भेटतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाण. त्यातून पाणी झिरपते, म्हणून मोठ्या पावसानंतर एक दिवस ऊन मिळाले की तो चालतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटते. तिला तीन-चार दिवसांचे कडक ऊन लागते. ओल्या काळ्या मातीत शिरलात तर पन्नास मीटरांत चिखल टायर आणि फोर्क (चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्यामध्ये घट्ट बसतो, चाक फिरायचे थांबते. इथेच बहुतेक जण चूक करतात, जोर लावून पॅडल मारतात. मग मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) ओढला जाऊन तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर मोडतो आणि फेरी तिथेच संपते. चाक जड वाटले की लगेच उतरावे, काडीने चिखल काढावा, सायकल खांद्यावर घेऊन कडेच्या गवतावरून चालावे. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ज्या सायकलीत ४५ मिलिमीटरचा टायर जेमतेम बसतो तिथे ४० चाच लावलेला बरा.

यासाठी महागडी सायकल लागते असे नाही. ३८-४० मिलिमीटरचा टायर घेणारी हायब्रिड या भागासाठी पुरेशी आहे. डिस्क ब्रेक असावेत आणि सगळ्यात हलका गिअर एकास एक किंवा त्याहून हलका असावा, म्हणजे पुढे ४० दात्यांची एकच चकती असेल तर मागे ४२ दाती. सैल मुरमाच्या चढावर पॅडलवर उभे राहिले की मागचे चाक जागीच फिरते. बसूनच चढावे लागते, आणि जड गिअरवर बसून चढता येत नाही.

टायरमधल्या हवेबद्दल मात्र बारकाईने सांगायला हवे, कारण बरीच पंक्चर चुकीच्या हवेमुळे होतात. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, धारदार कोपऱ्यांची. ती टायरची कूस, म्हणजे बाजूची भिंत, कापते. डांबरावरच्या सवयीने ६० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरले की टायर दगडावर उडतो आणि पकड जाते. फार कमी भरली तर रिम दगडावर आपटते. ७०-७५ किलो वजनाच्या स्वाराने ४२ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर ५ ते ८ पीएसआय जास्त, नाहीतर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नये, मीटर वापरावा. ट्यूबलेसमध्ये प्रत्येक टायरला ६० ते ८० मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारे द्रव) लागते आणि आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकते. टायर हलवून आत पाण्यासारखा आवाज येत नसेल तर ते संपले समजावे. बाभळीचा काटा आणि सराटे हे इथले नेहमीचे शत्रू. ट्यूबलेसमध्ये काटा उपसून भोक खाली येईल असे चाक फिरवावे, सीलंट तिथे जमून बसते. ट्यूब असेल तर नवी घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसत फिरावे. मोडलेले टोक राहिले असेल तर फडके तिथे अडकते. सोबत एक ट्यूब, प्लग, पंप, साखळीची जोडकडी, आपल्याच सायकलीचा हँगर आणि कूस फाटल्यास आतून लावायला टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नाही. फरशी पुलावर ऑक्टोबरपर्यंत शेवाळ असते. तिथे ब्रेकही नाही आणि वळणेही नाही, सरळ जावे.

आता बागांविषयी. द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. सायकलस्वाराला हे वेळापत्रक पाठ असले पाहिजे. गोडी छाटणीनंतरचे पहिले साठ-सत्तर दिवस डाऊनी, भुरी आणि करपा या रोगांचे. या काळात सकाळी लवकर ट्रॅक्टरचा ब्लोअर, म्हणजे औषध फवारणारे यंत्र, बागेत फिरत असतो. नेमक्या याच वेळी, याच महिन्यांत आपण सायकली घेऊन निघतो. ब्लोअरचा आवाज आला की वारा कुठून येतो ते पाहून वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावे आणि तो ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला की निघावे. पाण्याच्या बाटलीच्या तोंडाला झाकण हवे. हात धुतल्याशिवाय खाऊ नये. आणि बांधावरून हात घालून मणी तोडू नयेत: परवानगीशिवाय ती चोरी आहे, शिवाय फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये ठरावीक दिवस सोडावे लागतात आणि त्या ओळीचे ते दिवस झाले आहेत की नाही, हे फक्त बागवाल्याला माहीत असते.

बागेच्या कडेला आणखी एक धोका असतो, त्याची कोणी सूचना देत नाही. प्रत्येक ओळीच्या टोकाला मांडव ताठ राहावा म्हणून ताणाची तार तिरपी जमिनीत गाडलेली असते. वाट बांधाला लागून असली तर ही तार हँडलच्या उंचीवर येते आणि सांजवेळी अजिबात दिसत नाही. बांधापासून दीड मीटर अंतर ठेवावे. वाटेवर ठिबकच्या नळ्या आडव्या असतील तर सायकल उचलून पलीकडे न्यावी. चाकाने जोड निसटला तर एका ओळीला पाणी जात नाही आणि शेतकऱ्याला ते दोन दिवसांनी कळते. जंगलाला लागून असलेल्या शेतांना रानडुकरांसाठी झटका मशीनची तार लावलेली असते, तिला हात लावू नये. कुत्री अंगावर आली तर सायकल पळवू नये. उतरावे आणि सायकल मध्ये धरून चालावे. तोडणीच्या दिवसांत क्रेट भरलेले वाहन समोरून आले तर पायउतार होऊन त्याला सगळा रस्ता द्यावा.

कोणती वाट सार्वजनिक आणि कोणती नाही, यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. उत्तर गावनकाशात असते. तुटक दोन रेषांनी दाखवलेला तो गाडीमार्ग, तुटक एका रेषेचा तो पायमार्ग. नकाशा तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयात पाहता येतो. बांधावरून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांनी दिलेली वाट मात्र त्या शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही, मग मोबाइलवरच्या नकाशात ती कितीही ठळक दिसो. कालव्याच्या कडेचा सेवारस्ता जलसंपदा विभागाचा, विचारूनच जावे.

जंगलात नियम अधिक कडक आहेत आणि असावेत. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. जंगलातून जाणारे सार्वजनिक रस्ते सोडून आत वळायचे असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी घ्यावी. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात आणि त्यांचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपला सायकलचा हंगाम. कड्याखाली आरडाओरड नको, ड्रोन तर नकोच. सगळ्या पट्ट्यात बिबट्या आहे. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर जंगलवाटेवर असू नये. फेब्रुवारीनंतर पानगळीचा थर दगड झाकतो आणि ठिणगीने पेटतो, म्हणून स्टोव्ह आणि सिगारेट घरी ठेवावी. पेठ-सुरगाण्याकडे उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी तासाला पाऊण लिटर या हिशेबाने स्वतःचे पाणी न्यावे. तिथल्या बायका ज्या हंड्यासाठी डोंगर उतरतात, त्यातून आपली बाटली भरून मागणे योग्य नाही.

राहिला रस्ते बांधण्याचा प्रश्न. इटलीतल्या टस्कनीत, कियांतीच्या द्राक्षटेकड्यांत, पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये गायोले गावातून जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली. २००७ पासून त्या भागातल्या अशाच रस्त्यांवर ‘स्ट्राडे बियांके’ ही व्यावसायिक शर्यत होते. हे उदाहरण देऊन काही सायकलप्रेमी इथल्या शेतरस्त्यांवरही डांबर नको म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. पावसाळ्यात रुग्ण आणि दूध गावाबाहेर जाऊ शकत नसेल, तर आपल्या छंदासाठी तो रस्ता कच्चा ठेवा असे म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही.

पण २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेनंतरही बरेच रस्ते अजून मुरमाचेच आहेत. ते नीट व्हावेत एवढीच मागणी आहे. खड्ड्यांतून हिंदकळलेल्या क्रेटमध्ये खालचे मणी फुटतात, रस सुटतो आणि वाइनरीच्या दारात पोहोचेपर्यंत तो आंबू लागतो. क्रेटला जो रस्ता मानवतो तोच सायकललाही. असे रस्ते पहिल्याच पावसात वाहून जातात ते बहुधा पाण्याला वाट न ठेवल्याने. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडांपेक्षा सहा सेंटिमीटर उंच हवा. दोन्ही बाजूंना चर हवेत. चर नसतील तर चाकोरीच ओहोळ होते. मुरूम एकदम न ओतता पंधरा सेंटिमीटरच्या थरांत पसरावा, मोठे दगड वेचावेत, पाणी मारून मगच रोलर फिरवावा. मुठीत दाबलेल्या मुरमाचा गोळा टिकला आणि तळहात ओला झाला नाही, म्हणजे ओल बरोबर आहे. कोरड्या मुरमावर रोलर फिरवून बिल निघते, पण जानेवारीत तिथे नुसती धूळ उरते. मोरीला ६०० मिलिमीटरपेक्षा लहान पाइप टाकू नये, तो गाळाने भरतो आणि साफ करता येत नाही. तीव्र उतारावर दर चाळीस-पन्नास मीटरवर पाणी बाजूला वळवणारा आडवा उंचवटा हवा.

जिल्हा परिषद आणि बागांच्या गावांतील ग्रामपंचायतींनी अशा वाटांच्या तोंडाशी एक साधा फलक लावावा: गावनकाशानुसार हा गाडीमार्ग आहे की नाही, फवारणीचे महिने कोणते, तोडणीचे महिने कोणते, पुढे वनहद्द किती किलोमीटरवर आहे. फलकाच्या रंगाचा आणि खांबाचा खर्च उचलायला सायकलस्वारांनी पुढे यावे. गोडी छाटणी सुरू होण्याआधी ते लागले, तर याच हंगामात कामी येतील.

कळावे,
आपले,
नाशिक परिसरातील काही सायकलस्वार