खोटं घर दाखवलं नाहीत, म्हणून

भाऊ आणि वहिनी,

नावानं हाक मारायची पंचाईत आहे. निघताना वहिनींनीच बजावलं होतं, कुठे लिहिलंस तर आमचं नाव नको आणि घराचंही नको. पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, त्या भरतात, त्याहून जास्त माणसं आली तर कोंबड्यांकडे कोण बघणार? म्हणून आई तुम्हाला ज्या हाका मारायची त्याच वापरते. तुम्ही इटलीतले, तुम्हाला मराठी येत नाही. फोन जमेल तेवढं भाषांतर करून देईल. पण हे आमच्याकडच्यांनीही वाचावं असं वाटतं. सातारा, रायगड, रत्नागिरीत अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर पलटणीतली पत्र्याची ट्रंक पडून आहे, आणि ट्रंकेच्या मालकानं इटलीबद्दल धड काही न सांगताच डोळे मिटले.

आमच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, सांगितलं ते एवढंच. टायबर नदीचं खोरं, जुलैचं ऊन, पायात घुसलेला लोखंडाचा तुकडा आणि एक दगडी घर. घराला बाहेरून जिना, वर कबुतरांची भोकं. जिन्यावर बसलेल्या म्हातारीनं त्यांना पाणी पाजलं आणि डोईचा रुमाल फाडून पाय बांधला. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे (3/5) शिपाई. त्याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी त्याच खोऱ्यात पडले. हाताखालचे सगळे मेले किंवा जखमी झाले तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले, आणि पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्यानं लढले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आई सांगते, एसटी तिथून जाताना सगळे खिडकीतून बघायचे आणि आजोबा तपकिरीची डबी काढायचे.

तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईनं जाहीर केलं की ते घर बघायचंय. मी बँकेत नोकरी करते. कागदपत्रं जमवणं माझ्या हातचा मळ, असा माझा समज होता. तो पेरुजा स्टेशनपाशी उतरला. ठरवलेली गाडी मिळणार नाही, काउंटरवर हात हलवून सांगण्यात आलं. आई बॅगेवर बसलेली, ऊन चाळीसच्या आसपास, आणि मी तुम्हाला फोन करून मोडक्या इंग्रजीत (मोडकं तुमचं, पण घाबरून माझंही मोडलं होतं) आजचं आरक्षण रद्द करा म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘बसून राहा.’ पाऊण तासात तुमची धुळीनं पांढरी झालेली गाडी आली. मागच्या सीटवर चुन्याची गोणी होती, ती तुम्ही पायाशी घेतलीत आणि आईला पुढे बसवलंत.

तुमचं घर बघून आई दारातच थबकली. बाहेरून जिना, वर कबुतरांची भोकं! माझ्या पोटात गोळा आला. हेच का ते? तुम्ही लगेच मान हलवलीत. या खोऱ्यात कुळांची जुनी घरं बहुतेक अशीच, म्हणालात. खाली गुरं, वर माणसं, कारण हिवाळ्यात गुरांची ऊब फळ्यांतून वर चढते. खालचा गोठा आता जेवणघर आहे, पण गव्हाण तुम्ही तशीच ठेवलीत आणि बैल बांधायच्या लोखंडी कड्याही. कियानीना जातीचे पांढरेशुभ्र बैल, माणसाच्या डोक्याहून उंच. आईनं कडी हातात धरून दोनदा ओढून पाहिली. आमच्याकडे माणसाच्या नि गोठ्याच्या मध्ये एक कूड असायचा, तुमच्याकडे मध्ये फक्त जमीन, असं ती म्हणाली. हे वाक्य मला तुम्हाला कधीच नीट समजावता आलं नाही.

घर घेतलंत तेव्हा छप्पर नव्हतं आणि स्वयंपाकघरात अंजिराचं झाड उगवलेलं. सात वर्षं लागली, त्यातली पहिली दोन तुम्ही ओट्याएवढ्या कॅरॅव्हॅनमध्ये काढलीत. हे सांगताना वहिनी हसत नव्हत्या, ते मला आवडलं. पूर्वेची भिंत पडली होती. ती नव्यानं उभी करताना तुम्ही जुन्या भिंतीच्या बोटभर आत घेतलीत, म्हणजे कुठे जुनं संपतं आणि कुठे तुमचं काम सुरू होतं ते कुणालाही दिसावं. सिमेंट कुठेच नाही, सगळा चुना. सिमेंटनं ओल आत कोंडते आणि दगड कुजतो. तुळया चेस्टनटच्या लाकडाच्या. एक नवी घालावी लागली, तिच्यावर तुम्ही ती घातल्याचं वर्ष कोरून ठेवलंत. काळा रंग फासून ती जुनी करून देतो, असं सुतार म्हणाला होता. तुम्ही त्याला चहा नव्हे, कॉफी पाजून परत पाठवलंत.

माणसं ही घरं सोडून का गेली, हे वहिनींनी एका दुपारी शेंगा सोलताना सांगितलं. जमीन मालकाची, घर मालकाचं, पिकातला अर्धा वाटा मालकाचा. ‘अर्धेल!’ आई म्हणाली. शब्द वेगळा, हिशेब तोच. तिकडे 1964 च्या कायद्यानं असे नवे करार बंद केले, पण तरणी पोरं आधीच कारखान्यांकडे निघाली होती आणि घरं रिकामी पडत होती. आमच्याकडे कुळकायदा आला आणि आजोबा दोन एकरांचे मालक झाले. तुमच्याकडे कसणारा शेत सोडून शहरात गेला आणि पडक्या घरात चाळीस वर्षांनी पाहुणे आले. तेही कायद्याच्या चौकटीत. शेती मुख्य आणि पाहुणे जोडधंदा, असं 1985 पासून तिथला कायदा म्हणतो. आमच्याकडे ‘कृषी पर्यटन’ अशी पाटी लावलेल्या एका ठिकाणी मी गेले होते, तिथे पोहण्याचा तलाव होता आणि शेत भिंतीवर रंगवलेलं होतं. असो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते.

दुसऱ्या रात्री आई झोपल्यावर मी खाली आले. तुम्ही जुने जमीन-मोजणीचे नकाशे पसरून बसला होतात. आयुष्यभर मोजणी केलेल्या माणसाचं बोट नकाशावर कसं फिरतं ते मी तेव्हा पाहिलं. नदीच्या या बाजूला, आजोबांच्या वर्णनात बसतील अशी अकरा घरं तुम्ही काढली होतीत. चार आज उभी नाहीत. मी म्हणाले, भाऊ, एवढं कशाला? उरलेल्यांतलं एखादं बऱ्यापैकी दाखवा आणि हेच ते म्हणा. तिला बरं वाटेल. तिचं वय बघा.

तुम्ही चष्मा काढलात. फोनवर बोलून भाषांतर माझ्यासमोर धरलंत. त्यात लिहिलं होतं, ‘मी तुळई काळी केली नाही.’

मला राग आला होता, खरं सांगते. आमच्या आईचं काय करायचं ते आम्ही ठरवू, असं मनात आलं. रात्रभर कूस बदलत होते. आता मात्र अंगावर काटा येतो. ती घरी येऊन पंचक्रोशीत सांगत सुटली असती, आणि मी जन्मभर मान डोलवत राहिले असते.

मग तीन दिवस तुम्ही आम्हाला फिरवलंत. काढणीचे दिवस असताना. सात घरांपैकी पाच पाहिली. प्रत्येक ठिकाणी तुम्ही आईला तेच म्हणालात, असू शकेल, नसूही शकेल. एका घरात जर्मन कुटुंब सुट्टीला आलेलं होतं. त्यांना काय सांगायचं या विचारानं मी कासावीस झाले, पण त्यांनी आईला लिंबू सरबत दिलं. तंबाखूची हिरवी शेतं दिसली तेव्हा आईला वाटलं आपण निपाणीत आहोत.

मोंतोने गावात 2023 साली घाडग्यांचं स्मारक म्हणून सूर्यघड्याळ बसवलंय. ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली’, अशा अर्थाचं ब्रीद त्याला आहे. आईनं सावली बघून वेळ सांगितली आणि मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. एका तासाचा फरक निघाला. उन्हाळी वेळेमुळे, असं तुम्ही म्हणालात. ‘सूर्याला कुठे माहीत?’ आई म्हणाली. उंबेर्तिदेत मात्र तुम्ही गप्प होतात. 25 एप्रिल 1944 ला पूल पाडायला आलेल्या दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी गावातली घरं पाडली, आणि दोनच महिन्यांनी त्याच दोस्त राष्ट्रांच्या बाजूनं आमचे आजोबा खोऱ्यात उतरले. तिथल्या चौकात आईनं पदर डोक्यावर घेतला. कुणी सांगितलं नव्हतं.

आरेत्सोच्या युद्धस्मशानात एका दगडावर ‘ॐ भगवते नमः’ अशी नागरी अक्षरं होती. वहिनींनी विचारलं, हे वाचता येतं तुम्हाला? आईनं ती मोठ्यानं वाचली. वहिनींनी तसंच म्हणून पाहिलं, ‘भ’ जमला नाही.

आजोबांचं घर सापडलं नाही. शेवटच्या संध्याकाळी आई तुमच्या बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसली, चौथ्या पायरीवर. तुम्ही पुन्हा सांगितलंत की 1944 च्या जुलैत या घरातली माणसं रानात लपली होती, इथे कुणी म्हातारी नव्हती. आई म्हणाली, ‘ठाऊक आहे हो. पाणी आणा.’ तुम्ही तांब्याभर पाणी आणलंत, म्हणजे खरं तर पाण्याचा जग, पण आईच्या गोष्टीत तो आता तांब्या झालाय. ती प्यायली आणि उरलेलं तिनं कुंडीतल्या जिरेनियमला घातलं.

बाकी खबर अशी. वहिनींनी दिलेला भाकरीचा जाड तवा, तुमचा ‘तेस्तो’, विमानतळावर दोनदा उलटसुलट तपासला गेला आणि सुखरूप पोहोचला. तुमचा बिनमिठाचा पाव आईनं कधी मान्य केला नाही, पण त्या तव्यावर ज्वारीची भाकरी टम्म फुगते हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवते. तापायला वेळ फार लागतो, गॅस जळतो, ही तक्रार तुमच्या कानावर घालायला तिनं सांगितलंय. आमसुलं पाठवली आहेत, ती पाण्यात भिजवायची, तशीच चघळायची नाहीत.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते मी वेगळे काढून ठेवलेत. दोन घरं बघायची राहिली आहेत, तेव्हा पुढच्या जुलैत खालची खोली आमच्यासाठी धरून ठेवा. आईला जिना चढवत नाही आता, पण हे तिला सांगू नका.

तुमची,
पुण्याची पाहुणी