रात्री पट्टे दिसतच नाहीत

आमच्या गावच्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे पार झिजले आहेत. दिवसा भागते, पण पावसाळी रात्री डांबर कुठे संपते आणि काळी माती कुठे सुरू होते, तेच कळत नाही. परवा शाळेसमोरचा पट्टा बोटाने चाचपला. वर वाळलेला चिखल, खाली गुळगुळीत रंग. पट्टा चमकतो तो त्यातल्या बारीक काचेच्या मण्यांमुळे. दिव्याचा उजेड ते चालकाकडे परत फेकतात. मणी झडले की रंग असूनही उपयोग नाही. चिखलाची चाके घेऊन ट्रॅक्टर शेतातून वर येतात, कापसाच्या गाड्या तिथूनच वळतात. साधा रंग टिकणार कसा? शाळा आणि वळणांवर तरी वितळवून जाड थरात लावतात तो थर्मोप्लास्टिक पट्टा द्यावा. आणि पाहणी रात्री, गाडीच्या दिव्यात करावी.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ