मोटारसायकलच्या मागच्या चाकाला कारचा टायर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बुलेट, अ‍ॅव्हेंजर यांसारख्या जड मोटारसायकलींच्या मागच्या चाकाला कारचा टायर बसवून घेण्याची हौस आपल्या नागपुरातील तरुणांमध्ये वाढताना दिसते आहे. टायर रुंद दिसतो, लवकर गोटा होत नाही आणि झिजेच्या हिशेबाने स्वस्त पडतो, अशी कारणे त्यासाठी सांगितली जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम अनेक वर्षे शिकवल्यामुळे या प्रश्नावर कळकळीने लिहावेसे वाटले.

कार वळणावर स्टिअरिंगने वळते आणि तिची चाके रस्त्याशी जवळजवळ उभीच राहतात. म्हणून तिच्या टायरचा माथा सपाट आणि कडा चौकोनी ठेवलेल्या असतात. मोटारसायकल मात्र वळते ती झुकून. तिच्या टायरचा छेद गोलाकार ठेवण्याचे कारण हेच, की गाडी जितकी झुकेल तितका रस्त्याला टेकणारा भाग मधून कडेकडे अखंड सरकत जावा आणि पकड कुठेही तुटू नये. सपाट टायर लावलेली गाडी झुकवली की भार माथ्यावरून एकदम एका कडेवर येतो, टायरची बाजू वाकते, दुसरी कड रस्ता सोडते आणि गाडी पुन्हा सरळ उभी होऊ पाहते. पुढचे चाक गोल टायरचे आणि मागचे चौकोनी टायरचे, अशा स्थितीत दोन्ही चाके झुकताना एकसारखी वागत नाहीत. रामटेकच्या गडावर चढताना किंवा चिखलदऱ्याच्या घाटात मध्येच ब्रेक लावावा लागला, तर हा फरक हँडल धरणाऱ्याच्या हातात थेट जाणवतो.

आपल्या शहरात याला आणखी एक बाजू आहे. येथील सिमेंट रस्त्यांच्या कडेला बसवलेले गट्टू (पेव्हर ब्लॉक) अनेक ठिकाणी रस्त्यापेक्षा खाली आहेत आणि सिमेंटच्या पट्ट्यांमधले सांधेही सरळ रेषेत लांबवर जातात. गोल टायर असा काठ तिरका ओलांडून जातो. सपाट रुंद टायरची कड मात्र त्या काठाला धरून चालू लागते आणि गाडी चालवणाऱ्याच्या मनाविरुद्ध बाजूला ओढली जाते. कारमध्ये हा ओढा चार चाकांवर विभागला जातो; दुचाकीवर तो तोल घालवू शकतो.

भाराचा हिशेबही लक्षात घ्यावा. अ‍ॅव्हेंजरच्या मागच्या १३०/९०-१५ मापाच्या टायरवर भारनिर्देशांक (टायर किती भार पेलेल हे सांगणारा सांकेतिक आकडा) ६६ असेल, तर तो टायर ३०० किलोपर्यंतच्या भारासाठी असतो. त्याच व्यासाच्या रिमसाठी असलेल्या १८५/६५ आर १५ या कारच्या टायरचा निर्देशांक ८८ असेल, तर त्याची मर्यादा ५६० किलो होते. एवढ्या भारासाठी घडवलेला कडक टायर दुचाकीच्या हलक्या भाराखाली पुरेसा दबत नाही, आणि रुंद टायरवर भार कमी असला की पावसाळ्यात पाण्यावर तरंगण्याचा संभव वाढतो. यावर उपाय म्हणून काही जण हवा कमी ठेवतात. मग बाजू अधिक वाकते आणि वर सांगितलेला दोष आणखी तीव्र होतो.

रिमबद्दल थोडक्यात सांगतो. दोन्ही रिम पंधरा इंची असल्या तरी टायरची तारेची कड जिथे बसते त्या खोबणीची घडण दुचाकीसाठी वेगळी आणि कारसाठी वेगळी असते. कड नीट बसत नाही म्हणून मर्यादेपलीकडे हवा भरण्याचा मोह होतो, आणि ती कड अचानक सुटली तर बसवणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते. टायर रुंद असल्याने तो मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याला किंवा चेनला घासतो, हेही अनेकदा दिसते. आपल्या देशात दुचाकी-तीनचाकींच्या टायरसाठी आयएस १५६२७ आणि प्रवासी कारच्या टायरसाठी आयएस १५६३३ अशी दोन स्वतंत्र मानके आहेत, ती उगाच नव्हेत.

परदेशात लांबच्या प्रवासाला निघणारे काही स्वार हा प्रयोग करतात, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो खोटा नाही. परंतु त्यांच्या होंडा गोल्डविंगसारख्या गाड्या चारशे किलोच्या आसपासच्या असतात, आणि त्यांच्या टायर उत्पादकांचाही याला पाठिंबा नसतो. आपली क्लासिक ३५० साधारण त्याच्या निम्म्या वजनाची असते, तेव्हा त्यांचा अनुभव जसाच्या तसा येथे लागू करणे योग्य नाही. साइडकार जोडलेली गाडी मात्र झुकत नाही. तिला कारचा टायर लावण्यामागे तर्क आहे आणि त्याला माझा आक्षेप नाही.

कायद्याकडेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीतील तपशील वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. माझ्या मते कारचा टायर बसवणे या कलमाच्या कक्षेत यायला हवे.

कर्कश सायलेन्सरवर शहरात कारवाई होते आणि तिचे नागरिक स्वागतच करतात. त्याच तपासणीत मागचे चाकही पाहावे, आणि पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकांनी टायरची जात व माप निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी ताडून पाहावे, अशी विनंती आहे. टायर विक्रेत्यांनी ग्राहकाने आग्रह धरला तरी असा टायर बसवून देऊ नये. ज्यांना टायर जास्त टिकावा असे वाटते त्यांनी दुचाकीचाच टायर मधला भाग कडक व कडा मऊ अशा दुहेरी मिश्रणाचा घ्यावा, आणि गाडी थंड असताना दर आठवड्याला हवा तपासावी. ज्यांच्या गाडीला आज कारचा टायर आहे, त्यांनी पाऊस सुरू होण्याआधी तो उतरवून मूळ मापाचा टायर बसवून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त निदेशक, नागपूर