गोळ्या वाटून झाल्या, पुढे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मी सिंधुदुर्गातला कंत्राटी आरोग्य अधिकारी. शिक्षण बीएएमएस आणि नोकरीत असताना केलेलं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. गेल्या वर्षी माझा प्रबंध ऐकून एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी भर बैठकीत सांगितलं, "येत्या पावसाळ्यात दोन केंद्रांत हे करून बघू, आणि काम तुम्हीच बघा." इतिवृत्तातही ते आलं. परवा आदेश हातात पडला. भातलावणी तोंडावर आलेली असताना मला काम मिळालं आहे ते पोर्टलवरची प्रलंबित माहिती भरण्याचं.

प्रबंध कशावर होता हे आपल्याला कुणी सांगितलं नसणार. लेप्टोवर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापावर. उंदराच्या मुतातला जंतू शेतातल्या पाण्यात उतरतो आणि चिखल्यांनी फाटलेल्या पायातून माणसाच्या अंगात शिरतो. जोखमीच्या दिवसांत आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन घेतलं तर आजार रोखायला मदत होते. औषध स्वस्त, साठा येतो, आशाताई घरोघर फिरतात, अहवाल वेळेत जातो. आणि गोळी? गोळी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत, चष्म्याच्या घरात, देवघरातल्या फडताळात. अख्खी पाकिटं मी या हातांनी काढली आहेत. एका काकींनी तोंडावरच सांगितलं, "दाक्तरानू, गोळी खाल्ली काय पोटात ढवाळता. मगे लावणी कोण करतलो?"

त्यांचं चुकत नव्हतं. पहाटे कोऱ्या चहावर गोळी घेतली तर मळमळणारच. ती भरल्या पोटी, भरपूर पाण्यासोबत घ्यायची असते. पण आशाताई अकराला येणार तेव्हा घरात असतात म्हातारी माणसं आणि मांजर. पाकीट म्हातारीच्या हातात, सूचना म्हातारीच्या कानात, आणि जिला गोळी घ्यायची ती गुडघाभर चिखलात. माझं म्हणणं एवढंच होतं की बांधावर न्याहारी सुटते तेव्हा गोळी तिथेच, भाकरी खाऊन झाल्यावर, समोर घ्यायला लावा. गरोदर बाई असेल, लहान पोर असेल तर तेही तिथेच कळतं, चुकीच्या माणसाला गोळी जात नाही. आमच्या अहवालाच्या नमुन्यात 'वाटप' असा रकाना आहे, 'सेवन' असा नाही. तो घाला, असंही लिहिलं होतं. यात रॉकेट सोडायचं नव्हतं, साहेब.

हे शिकायला मी कॉलेजात गेलो. इम्प्लिमेंटेशन सायन्स म्हणतात त्याला. एमपीएचला हा विषय मी मुद्दाम घेतला. लागू पडतं हे ठाऊक असलेलं औषध माणसाच्या पोटापर्यंत का जात नाही आणि कसं जाईल, याचा त्यात पद्धतशीर अभ्यास असतो. १९९९ साली मांडलेली 'री-एम' नावाची चौकट आम्ही घोकली: योजना किती जणांपर्यंत पोचली, गुण आला का, केंद्रांनी ती उचलली का, ठरल्याप्रमाणे राबवली का, आणि पुढे टिकली का. आपल्याकडे पहिल्याच प्रश्नाला टाळ्या पडतात आणि सभा संपते.

त्यासाठी बिनपगारी रजा काढली, पतसंस्थेचं कर्ज काढलं, ते अजून फिटतंय. वाडीत विचारत, "डॉक्टर झालंस ना, मग परत शाळेत कशाक?" बरोबर शिकलेले दिल्लीत प्रकल्प सांभाळतात. मी परत आलो ते अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार अशा नोकरीत. या वर्षी घराची कौलंसुद्धा चाळून झालेली नाहीत. हे रडगाणं आपल्या खात्याचा विषय नाही, ठाऊक आहे. पण मग कुणाच्या खात्याचा आहे?

परदेशातली उदाहरणं नकोत, आपल्या कोकणातलंच घ्या. इंगळी, म्हणजे लाल विंचू, चावली की महाडच्या भागात माणसं पटापट मरत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर वापरली आणि १९८६ साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये आलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्यावर आले. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, छत्तीस वर्षांनी. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन मृत्यू घटवले, ते १९९९ मध्ये छापून आलं. देशाने आशांमार्फत ते उचललं २०११ मध्ये. संशोधन व्यवहारात यायला सतरा वर्षं लागतात, असं आमच्या वर्गात उठसूट सांगत. कोकणाचा हिशेब तुम्हीच करा. मुंबई-गोवा महामार्ग मोजपट्टी म्हणून घेतलात तरी चालेल, २०११ पासून रुंद होतोय.

गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचंही तेच. २०१६ मध्ये तो दोडामार्गात आला, ऐन काजूच्या हंगामात. गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल वाटलं. भर उन्हात घामाघूम होऊन बिया गोळा करणाऱ्या बाईने ते कितीदा लावलं, हे कोणत्या रकान्यात आहे? आजारी पडली की मात्र तिची रवानगी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. शेजारचं राज्य आमची माणसं बरी करतं आणि आपण इकडे फलक लावतो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू असं छापलंय. २०२१-२२ चा हिशेब आला १.८४ टक्के. त्याच धोरणात राज्यांनी सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर, म्हणजे अधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्ग, उभारावं असंही आहे, आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आम्ही एमपीएच झालेले लोक त्या केडरची वाट बघत पोर्टल भरतोय. पासवर्ड तेवढा दर महिन्याला बदलतो, बाकी काही बदलत नाही. योजनेचं उद्घाटन करायला मंत्री आहेत, वाटपाचा फोटो काढायला कर्मचारी आहेत. गोळी गिळली का हे बघायला माणूस नाही, आणि तयार झालेला एक होता त्याला तुम्ही संगणकापुढे बसवलंत.

मागणं मोठं नाही. इतिवृत्तात लिहिलेली दोन केंद्रं याच लावणीत द्या. सेवनाचा रकाना घाला. आशाताईंना सकाळी बांधावर जायचे वेगळे पैसे द्या, फुकट राबवू नका. मला नेमायचं नसेल तर नका नेमू, दुसऱ्या कुणाला नेमा, पण नेमा.

आणि हे पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' खाली पाठवू नका. तसं पाठवलंत तर ते फिरत फिरत माझ्याच टेबलावर येईल आणि मलाच ते पोर्टलवर 'निकाली' म्हणून चढवावं लागेल.

आपला,
सिंधुदुर्गातला एक कंत्राटी आरोग्य अधिकारी